हयातीचा दाखला

निधनवार्तांच्या स्तंभात 'दीर्घ आजाराने' हे शब्द इतक्या सहजपणे येऊन जातात, की वाचणाऱ्याची नजर त्यांवर थांबत नाही. अपघाताच्या बातमीने आपण दचकतो. ऐन उमेदीत गेलेल्या माणसासाठी जीव हळहळतो. दीर्घ आजाराने गेलेल्यासाठी मात्र आपल्यापाशी एक वाक्य तयार असते : सुटला बिचारा. आमच्या मालवणी मुलखात 'सुटलो एकदाचो' असे म्हणून माणसे चुलीकडे वळतात. सुटले नेमके कोण, हे कोणी विचारत नाही. जो गेला तो? ज्यांनी रात्री जागून त्याला कुशीवर वळवले ती घरची माणसे? की ज्यांनी कित्येक वर्षांत त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, ते स्नेहीसोबती?

मेंदूच्या झिजेचे आजार माणसाला एकदम नेत नाहीत. अल्झायमर, पार्किन्सन ही नावे आता आपल्याकडेही घरोघरी ठाऊक झाली आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीचा अंदाज असा, की भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे त्या वयाच्या दर शंभरांत सातांहून अधिक. आकडा मोठा आहे, पण त्याची बोच आकड्यात कळत नाही. ती कळते एखाद्या ओळखीच्या घरात, जिथे खुर्चीवर बसलेला माणूस आपलाच असतो आणि तरीही आपल्याला पूर्वीसारखा भेटत नाही. अशा माणसाचा सन्मान कसा करायचा आणि कधी करायचा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

जॉर्ज फर्नांडिस २९ जानेवारी २०१९ रोजी दिल्लीत वारले, तेव्हा ते ८८ वर्षांचे होते. जन्म मंगळूरचा. पोरवयात पाद्री होण्यासाठी बंगळूरच्या धर्मविद्यालयात गेले, तिथे मन रमले नाही, म्हणून १९४९ मध्ये मुंबईत आले. चौपाटीवर रात्री काढल्या, गोदी कामगारांत काम केले आणि १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारख्या मातब्बराला लोकसभेच्या निवडणुकीत पाडले. मे १९७४ चा रेल्वे संप, आणीबाणीतील बडोदा डायनामाइट खटला, तुरुंगात असतानाच १९७७ मध्ये मुझफ्फरपूरहून मिळालेला प्रचंड विजय, हे सारे आमच्या पिढीने शाळकरी वयात घरातल्या मोठ्यांच्या तोंडून ऐकले. कोंकणी, तुळू, कन्नड, मराठी, हिंदी, इंग्रजी अशा दहा भाषा त्यांना येत असे सांगतात. मुंबईच्या कामगारांशी ते मराठीत बोलत आणि ते मराठी कोणाला परके वाटत नसे.

कोकणाशी त्यांचे नाते त्याहून जवळचे. मुंबईहून तळकोकणात रेल्वे यावी, हे मागच्या किती पिढ्यांचे स्वप्न. बॅ. नाथ पैंनी त्यासाठी आवाज उठवला आणि १९७१ मध्ये ते अकाली गेले. पुढे मधु दंडवते राजापूर मतदारसंघातून पुनःपुन्हा निवडून आले, १९७७ मध्ये रेल्वेमंत्रीही झाले. १९८९ च्या डिसेंबरात व्ही. पी. सिंगांचे सरकार आले, तेव्हा दंडवते अर्थमंत्री होते आणि जॉर्ज रेल्वेमंत्री. पुन्हा जुळणार नाही असा तो योग होता. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली. भांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६. उरलेला पैसा मुख्यतः रोख्यांतून उभा करायचा. सरकारी तिजोरीची वाट न पाहता रेल्वेमार्ग बांधण्याची ही तऱ्हा आम्हा बँकवाल्यांना त्या काळी मोठी नवलाची वाटली होती. ई. श्रीधरन यांच्या हाती काम सोपवले गेले आणि नव्वदाहून अधिक बोगदे खणून १९९८ मध्ये मार्ग पुरा झाला. १ मे १९९८ रोजी पंतप्रधान वाजपेयींनी तो राष्ट्राला अर्पण केला. आज पिंगुळीतला माणूस संध्याकाळी कुडाळ स्थानकावर जाऊन गाडीत बसतो आणि सकाळी मुंबईला आपल्या कामाला लागतो. सोळा सोळा तास एसटीत अवघडून बसलेल्यांनाच या वाक्याची खरी किंमत कळेल. घरातल्या आजाऱ्याला मुंबईच्या इस्पितळात न्यायचे असो किंवा बापाच्या शेवटच्या क्षणी मुलाला वेळेत पोचायचे असो, त्या रुळांनी किती घरांना हात दिला! अशा माणसाला घरचा स्नेही म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

हाच माणूस २०१० च्या सुमारास सार्वजनिक जीवनातून नाहीसा झाला. अल्झायमर आणि पार्किन्सन या दोन्ही आजारांनी त्यांना गाठले होते. दहा भाषा हळूहळू विरत गेल्या. ज्यांच्या एका हाकेने देशातील गाड्या थांबल्या, त्यांना आपलेच नाव आठवेना. त्यांच्या देखभालीवरून कुटुंबात मतभेद झाले आणि ते न्यायालयात गेले. भावंडांना, तसेच त्यांच्या जुन्या सहकारी जया जेटली यांना त्यांची भेट मिळावी म्हणून कोर्टाची पायरी चढावी लागली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेटलींना ठरावीक दिवसांनी भेटण्याची मुभा दिली. पत्नी लैला कबीर यांनी अखेरपर्यंत त्यांचा सांभाळ केला. त्या वादात कोण बरोबर होते, हे ठरवण्याचा अधिकार तुम्हाआम्हाला नाही. पण त्यातून निघालेला प्रश्न प्रत्येक घराचा आहे. ज्याला आता कोणाची ओळख उरलेली नाही, त्याला भेटण्याचा हक्क कोणाचा?

त्या सगळ्या काळात मला आमच्या घरच्या एका स्नेह्यांची आठवण सारखी येत होती. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणत. आधी माझ्या वडिलांचे मित्र आणि वडील गेल्यावर माझेही. प्राथमिक शाळेत मास्तरकी, सेवा दलाचे संस्कार, खादीचा सदरा आणि सुंदर अक्षर. नाथ पैंच्या सभा त्यांनी तरुणपणी ऐकल्या होत्या आणि त्या सभांचे वर्णन करताना ते उभे राहत. फळ्यावर त्यांनी तारीख लिहिली, की ती पुसायला पुढच्या तासाचे मास्तर कचरत, असे लोक सांगत.

पार्किन्सनची पहिली खूण त्यांच्या अक्षरात दिसली. अक्षर बारीक होत चालले. ओळीच्या सुरुवातीला ठीक असायचे आणि शेवटाला मुंगीएवढे. आम्हाला वाटले, दृष्टी अधू झाली असेल. मग उजव्या हाताचा अंगठा आणि बोट विडी वळावी तसे आपोआप फिरू लागले. चेहऱ्यावरचे भाव मावळले, त्यामुळे गुरुजी रागावले आहेत असा गैरसमज माणसे करून घेऊ लागली. त्यांच्या मनात राग नव्हता. चेहऱ्याच्या स्नायूंनी त्यांचे ऐकणे सोडले होते.

या आजारात मेंदूच्या आत खोलवर असलेल्या काही पेशी झिजतात. डोपामीन नावाचे द्रव्य त्या बनवत असतात आणि शरीराची हालचाल सुरळीत ठेवण्यासाठी ते लागते. ते कमी पडले, की हात कापतात, स्नायू ताठरतात, पाऊल उचलत नाही. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरने १८१७ मध्ये याचे वर्णन लिहिले, म्हणून त्याचे नाव आजाराला मिळाले. लेव्होडोपा हे औषध मेंदूत गेल्यावर त्याचे डोपामीन होते. हे द्रव्य आमच्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांत असते आणि १९३७ मध्ये मद्रासच्या दोन शास्त्रज्ञांनी ते त्या बियांतून वेगळे केले होते, हे ऐकून गुरुजी हसले होते. म्हणजे निदान आम्हाला तरी ते हसले असे वाटले. (कोणी लगेच रानात जाऊन बिया गोळा करू नयेत, मात्रा चुकली तर जिवावर बेतते. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.)

गोळीचा अंमल असेतो गुरुजी बरे असत. अंमल उतरला, की जागच्या जागी खिळत. उंबऱ्यापाशी तर हमखास. मागून कोणी 'चला, चला' म्हणाले, तर आणखीच घट्ट रुतत. त्यांच्या नातीने यावर उपाय काढला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तिने ओटीवर वीतवीत अंतरावर खडूच्या पांढऱ्या रेघा ओढल्या. मोकळ्या जमिनीवर न उचलणारे पाऊल रेघ ओलांडायला मात्र उचलते, ही या आजाराची एक विलक्षण गंमत आहे. आयुष्यभर ज्यांनी मुलांना खडूने वळण लावले, ते म्हातारपणी नातीच्या खडूच्या रेघांवरून चालू लागले. घरातल्यांना त्यात करुण काही वाटत नव्हते. रेघ पुसट झाली, की नवी ओढायची, एवढेच.

गाव मात्र हळूहळू पांगला. पहिल्या वर्षी ओटीवर माणसांची रीघ होती. तिसऱ्या वर्षी चतुर्थीला आलेले चाकरमानी तेवढे डोकावून जात. सातव्या वर्षी तेही 'काकूंना नमस्कार सांगा' असे गडग्यावरूनच म्हणू लागले. कारण विचारले, तर उत्तर ठरलेले : त्यांना त्या अवस्थेत बघवत नाही.

हे वाक्य मला खटकते. ऐकताना त्यात माया जाणवते, पण अर्थ लावला तर ते बोलणाऱ्याच्याच डोळ्यांविषयी असते. बघवत नाही, हा त्रास बघणाऱ्याचा. आजाऱ्याला कोणी बघावे की नाही, हा विचार त्यात येतच नाही. आणि घरात एक माणूस असे असते, ज्याला बघवत नाही असे म्हणण्याची सोय नसते. गुरुजींची पत्नी, आमच्या काकू, अकरा वर्षे रोज बघत होत्या. पेज चमच्याने भरवताना ठसका लागू नये म्हणून मान किती वाकवायची, हे त्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त कळत होते. त्यांना कोणाकडून पैसा नको होता, सल्लाही नको होता. आठवड्यातून एकदा दोन तास कोणी ओटीवर बसले, तर बाजारात जाऊन यावे, बहिणीशी बोलावे, एवढीच त्यांची मागणी होती. एकशेवीस मिनिटांची! एवढे मोठे गाव, पण ती पुरवणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली.

आता थोडे माझ्या जुन्या धंद्याविषयी, कारण स्नेह आणि व्यवहार यांची गाठ अशा घरांत रोज पडते. बँकेत तेहेतीस वर्षे काढल्यामुळे मला एक पक्के ठाऊक आहे : मेंदूच्या आजाराची बातमी डॉक्टरांनंतर बँकेला कळते. सही जुळत नाही. चेक परत जातो. काउंटरवरचा मुलगा नियमाने वागत असतो आणि समोरच्या वृद्धाला वाटते, आपल्याला चोर ठरवले. वास्तविक रिझर्व्ह बँकेने यासाठी वाट करून ठेवलेली आहे. सही करता येत नसेल, तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी तो ओळखावा लागतो आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सत्तरीपुढच्या आणि अपंग ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, असेही रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये सांगितले आहे. हे नियम घरच्यांना ठाऊक नसतात आणि कधी कधी काउंटरपलीकडेही त्यांचा विसर पडतो. म्हणून ते मागून घ्यावे लागतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 'मुलाच्या नावे मुखत्यारपत्र केले आहे, आता चिंता नाही' असे अनेकांना वाटते. पण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, लिहून देणाऱ्याचे मानसिक भान गेले की ते मुखत्यारपत्र संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी छत्री घेतली, नेमक्या त्याच दिवशी ती उघडत नाही. वारस म्हणून नेमलेल्या नावाचा उपयोग मृत्यूनंतर. हयातीत त्याला पैसा काढता येत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचे व्यवहार पाहण्याची परवानगी मिळवण्यासाठी कुटुंबांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा निदान झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच, आजारी माणसाचे भान शाबूत असताना, त्याच्याशी बोलून खाते 'दोघांपैकी कोणीही अथवा हयात असलेला' अशा पद्धतीचे करून घेणे शहाणपणाचे. पार्किन्सनचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात झालेला आहे, त्याचे प्रमाणपत्र मिळू शकते. हे कागद रंगवणे रूक्ष वाटते. परंतु आजाऱ्याला समोर बसवून 'तुमच्या मनात काय आहे' असे विचारणे, हाही सन्मानच आहे. त्याच्यामागे कुजबुजत निर्णय घेण्यापेक्षा तो किती तरी बरा.

दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना बँकेत हयातीची नोंद करावी लागते. गुरुजी येऊ शकत नसत, म्हणून शाखेतून कोणीतरी त्यांच्या घरी जात असे. मी जिल्ह्यातल्याच शाखेत होतो तेव्हा ते काम मी स्वतःकडे घेतले होते. यादीत नाव शोधायचे, अंगठा उमटवायचा, साक्षीदार म्हणून सही करायची. सरकारच्या लेखी, सदर इसम आज रोजी हयात आहे. पुढे नोकरी संपली आणि यादी दुसऱ्याच्या हाती गेली, तरी त्या दाखल्याचा अर्थ माझ्या मनातून गेला नाही. पैसे मिळण्यासाठी वर्षातून एकदा असा दाखला सरकार मागते. माणूस म्हणून हयात असल्याचा दाखला कोण देतो? तो देणे स्नेह्यांचेच काम आहे. तुम्ही त्याच्या समोर बसलात, त्याच्याशी त्याच्या नावाने बोललात, म्हणजे तुम्ही तो दाखला दिलात. तुम्ही जाणे बंद केलेत, की कागदोपत्री जिवंत असलेला तो माणूस गावाच्या यादीतून खोडला गेला.

याविरुद्ध एक म्हणणे आहे आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. काही कुटुंबे म्हणतात, 'आमचे बाबा रुबाबदार होते. लोकांनी त्यांना तसेच आठवावे. लाळ गळताना, नाव विसरताना कोणी पाहू नये.' ही भावना मी समजू शकतो. आजारी माणसाचे दर्शन हा गावाचा हक्क नव्हे. दार उघडे ठेवायचे की लोटून घ्यायचे, हे घराने ठरवावे. त्याहून बरे म्हणजे खुद्द आजाऱ्याला वाचा आहे तोवर त्यालाच विचारावे. तुम्हाला कोण भेटायला आलेले आवडेल? कोणते भजन ऐकायला आवडेल? मनोविकारांच्या उपचारांसाठी २०१७ च्या कायद्याने आगाऊ इच्छापत्र लिहून ठेवण्याची सोय केली आहे. मैत्रीसाठी कायदा लागत नाही, साध्या वहीतले पान पुरते. पण दार घराने लोटले, की स्नेह्यांनी येणे सोडले म्हणून ते आपोआप मिटले, हा फरक प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासून पाहावा. बहुतेक दारे दुसऱ्या प्रकारची असतात.

भेटायला गेल्यावर काय करायचे, हीही अडचण असते. आपली पहिली चूक दारातच होते. 'गुरुजीनू, माका वळाखलात?' असा प्रश्न पाच जण पाच वेळा विचारतात. ही परीक्षा झाली. ज्याला उत्तर येत नाही त्याला सगळ्यांसमोर उभे करून तोच प्रश्न पुन्हा विचारणे, हे गुरुजींनी वर्गात कधी केले नसते. त्याऐवजी आपणच आपली ओळख द्यावी : 'गुरुजीनू, मी अमक्याचो झील, तुमच्या हाताखाली चौथी पास झालंय.' मग बोलावे, सावकाश, एकावेळी एकाने. पार्किन्सनच्या माणसाला उत्तर जुळवायला वेळ लागतो. आपण तेवढ्यात विषय बदलला, की त्याचे वाक्य कायमचे आत राहते. गोळीचा अंमल कधी असतो ते घरच्यांना विचारून त्या वेळी जावे. आणि बोलणे खुंटले, तर गाणे आहे. शब्द गेल्यावरही चाल आणि ठेका पुष्कळ काळ राहतो, असा अनुभव जगभरच्या डॉक्टरांनी नोंदला आहे. गुरुजींच्या घरी चतुर्थीला भजन होई. शेवटच्या वर्षांत त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे, पण टाळ वाजू लागले, की कापणारा तोच हात गुडघ्यावर ठेका धरी, आणि तो चुकत नसे.

आमची पिंगुळी राऊळ महाराजांच्या मठामुळे जशी ओळखली जाते, तशीच ठाकर समाजाच्या चित्रकथीमुळे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यात उभारलेले संग्रहालय पाहायला दूरदूरचे लोक येतात. चित्रकथीत एकेका कथेची चित्रे क्रमाने लावलेली असतात, त्या संचाला पोथी म्हणतात. सांगणारा एकेक चित्र पुढे धरतो आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने रामायण-महाभारतातली कथा गातो. चित्राखाली मजकूर नसतो. कथा सांगणाऱ्याच्या तोंडी असते. सांगणारा गप्प झाला, तर चित्रे तिथेच असतात, रंगही तेच असतात. पण हा रथ कोणाचा आणि हे अश्रू कशासाठी, हे बघणाऱ्याला कळत नाही. म्हणून ती कला जिवंत राहते ती ऐकणाऱ्यांच्यामुळेही. ज्यांनी लहानपणापासून कथा ऐकली, त्यांच्यातलाच कोणी पुढे पोथी हाती घेतो.

स्मृती गेलेल्या माणसाचे असेच असते. चित्रे त्याच्यापाशी, पण कथा आता त्याच्या ऐकणाऱ्यांकडे. ती त्यालाच पुन्हा सांगायची. 'गुरुजी, तुम्ही पुराच्या साली शाळेची दप्तरे डोक्यावरून नेली होती.' त्याला समजले की नाही, याचा हिशेब ठेवू नये. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' चित्रपट ज्यांनी पाहिला, त्यांना मोहन आगाशे यांनी उभा केलेला संस्कृत पंडित आठवत असेल. हत्तीमागे चालत तो हरवतो आणि माहुताची बायको त्याला लेकरासारखा जवळ करते. त्याची विद्वत्ता तिला ठाऊक नाही, त्याचे नावही नाही. भुकेले माणूस समोर आहे, एवढी ओळख तिला पुरते. आपल्यापाशी तर त्याचे सगळे आयुष्य ओळखीचे असते.

मात्र कथा सांगायची तर पुरी सांगावी. बोलू न शकणाऱ्या माणसावर दोन्ही प्रकारचे अन्याय सहज होतात. जॉर्जविषयी संताप असणारे लोक थोडे नव्हते. जुलै १९७९ मध्ये मोरारजी सरकारची बाजू लोकसभेत जोरकसपणे मांडून लगेच त्याच सरकारातून ते बाहेर पडले. पुढे जुन्या समाजवादी सोबत्यांना न रुचणारी वाट त्यांनी धरली आणि त्या वाटेवर शेवटपर्यंत राहिले. संरक्षणमंत्री म्हणून सियाचेनच्या बर्फात जवानांना वारंवार भेटणारा हा माणूस शवपेट्यांच्या खरेदीवरून संसदेत रोज लक्ष्य झाला. केंद्रीय अन्वेषण विभागाने २००९ मध्ये त्या प्रकरणी आरोपपत्र दाखल केले, त्यात त्यांचे नाव नव्हते. पण तोवर आजाराने त्यांना घेरले होते. २०२० मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले, तेव्हा ते ऐकायला नव्हतेच. आरोपाचे उत्तर आणि गौरवाचा हार, दोन्ही उशिरा आले. आपल्या सार्वजनिक जीवनाची ही सवय खासगी जीवनातही उतरली आहे.

गुरुजींना ती बातमी वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी डोळे मिटले. त्याचा अर्थ लावण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही. वर्षभराने तेही गेले. शाळेच्या पडवीत शोकसभा झाली, माणसे दाटीवाटीने उभी होती. भाषणे चांगली झाली. त्यांच्या नावाने सुंदर हस्ताक्षराची स्पर्धा ठेवावी, असा ठराव झाला आणि वर्गणी तिथल्या तिथे जमली. मला त्या ठरावाचा आनंदच आहे. मुलांचे अक्षर सुधारेल. पण सभेत मागे बसलेल्या काकूंकडे पाहून मला वाटत होते, की या गर्दीतल्या प्रत्येकाने वर्षाकाठी एक दुपार दिली असती, तरी या बाईच्या अकरा वर्षांतली एकही आठवडाअखेर मोकळी गेली नसती. मी मनात गुणाकार केला. बँकेची सवय, दुसरे काय!

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे आणि ती कोणत्याही गावाला जमण्यासारखी आहे. स्मारक, फलक, स्पर्धा हे सगळे नंतर करावे. आपल्या ओळखीत असे घर असेल, तर चार स्नेह्यांनी मिळून महिन्याचे चार वार वाटून घ्यावेत. प्रत्येकाने आपल्या वाराला दोन तास त्या ओटीवर बसावे आणि घरच्या माणसाला बाहेर जाऊ द्यावे. पुण्यामुंबईत पार्किन्सनच्या रुग्णांची आणि त्यांच्या शुभंकरांची मंडळे आहेत, ती असे काम करतात. खेड्यात भजनीमंडळ, वाचनालय, माजी विद्यार्थी हे करू शकतील. सुताराने पायऱ्यांना कठडा बसवून द्यावा, दुकानदाराने घरपोच सामान द्यावे, बँकेतल्याने फॉर्म भरून द्यावा. ज्याला जे येते ते.

श्राद्धाला पान वाढून कावळ्याची वाट पाहणारे आपण लोक. गेलेल्याच्या तृप्तीची काळजी करणारी ही संस्कृती, खुर्चीवर बसलेल्या, पेजेचा घास गिळायला धडपडणाऱ्या माणसाशेजारी बसायला का कचरते? तो आपल्याला ओळखेल किंवा ओळखणार नाही. आपण त्याला ओळखतो आणि तेवढ्यावर भेट होऊ शकते. येत्या रविवारी अशा एखाद्या घरी जाऊन या. जाण्यापूर्वी फोन करून गोळीची वेळ तेवढी विचारा.